हातचा

ईमेल आला: शिक्षकांच्या प्रेरणेचा सर्व्हे झालाय,
दोनशे अकरा जणांनी भरलाय, सर्वांचे आभार.
खाली फक्त मला: संख्याशास्त्र तुम्ही शिकवता,
तेवढा आलेख काढून द्या. शुक्रवारपर्यंत.

डंडीतला डिसेंबर. चारलाच खिडकी काळी.
टे नदीवरचा पूल धुक्यानं निम्मा खाल्लेला.
आडव्या रेघेवर प्रेरणा, एक ते पाच.
उभ्या रेघेवर कामगिरी:
निकाल, मुलांचे अभिप्राय, वेळेत तपासलेले पेपर.

प्रेरणा हा शब्द आमच्या घरात नव्हता.
आई हुरूप म्हणायची.
आज हुरूप नाही बाई, म्हणायची,
आणि शिलाई मशीनला तेल घालायला घ्यायची.

ठिपके पडत गेले.
खाली डावीकडे पाट्या टाकणारे.
(नावं ठेवत नाही. तीन वर्षं तात्पुरत्या करारावर
मीही टाकल्यात,
दर जूनमध्ये खोलीची किल्ली परत करत.)
मध्ये हातचं राखून शिकवणारे, बरेच.
वर उजवीकडे नवे, नुकतं लग्न ठरल्यासारखे.
आणि त्यांच्यामधून चढत जाणारी रेघ,
वरच्या मजल्यावरच्यांना हवी तशी.

एकच ठिपका ऐकेना.
अगदी डावीकडे, अगदी वर.
प्रेरणा एक. कामगिरी पाचाला टेकलेली.
सर्व्हे निनावी. पण शेवटच्या चौकटीत,
'तुम्हाला कामासाठी काय उद्युक्त करतं?' याखाली
एवढंच:
मंगळवारी आठला चौतीस जण येतात.

मंगळवारी आठला आमच्या इमारतीत एकच वर्ग भरतो.
यूअन स्ट्रॅकन.
नर्सिंगच्या पोरांना औषधाच्या मात्रेचं गणित.
दशांश चिन्ह एक घर सरकलं, की मात्रा दहापट,
आणि समोर बिछान्यात माणूस असतो,
हे तो इतक्यांदा सांगतो
की पोरं कॅन्टीनमध्ये त्याची नक्कल करतात.
त्याचा मूळ विषय बंद झाला तेव्हा
त्यानं पुस्तकं व्हरांड्यात मांडली, वर चिठ्ठी: न्या.
मी एक आणलं. अजून उघडलेलं नाही.
बढती दोनदा हुकली. चेहरा कायम ओल्या टोपीसारखा.
एकदा मध्येच आगीची घंटा वाजली,
सगळा वर्ग पार्किंगमध्ये कुडकुडत,
तर यूअननं कुणाच्या तरी गाडीच्या
दव धरलेल्या काचेवर बोटानं
राहिलेलं उदाहरण पुरं केलं.
तेव्हाही चेहरा तोच.
गाडी माझी होती. मी काच दोन दिवस पुसली नाही.

पुस्तकात सोय असते.
फटकून पडलेला ठिपका कारण देऊन वगळता येतो.
मी कारण दिलं:
बहुधा प्रश्न नीट समजला नसावा.
रेघ लगेच सुधारली. शुक्रवारी चारला पाठवून दिली,
आणि घरी जाऊन उगीचच भांडी घासली, धुतलेलीसुद्धा.

जानेवारीत लिफ्टपाशी पोस्टर लागलं.
हसरे चेहरे, चढती रेघ,
प्रेरित शिक्षक, उत्तम कामगिरी.
कोपऱ्यात बारीक अक्षरात: सहभागी दोनशे दहा.
लिफ्ट बंदच होती.
यूअन थांबला, चष्मा कपाळावर ढकलून
आधी कोपराच वाचला.
'दोनशे अकरा होते ना?'

शाळेत शिकवलं होतं,
हातचा एक वर बारीक लिहून ठेवावा,
नाहीतर पुढचं घर चुकतं,
आणि चूक सापडतही नाही, बेरीज दिसायला बरोबरच असते.

मी काहीच बोलले नाही.
त्यानं घड्याळ पाहिलं. मंगळवार. आठाला चार कमी.
कठड्याला धरून, एक गुडघा सांभाळत
तो पाच मजल्यांचा जिना चढू लागला.
माझा वर्ग नवाला होता.
मी त्याच्या मागोमाग निघाले,
दोन पायऱ्या अंतर ठेवून.