हाताने

सुपडू बिऱ्हाडे. वय चौपन्न. पारोळा.
व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं : मजुरी.
त्यानं खुणेनं बोलावून मला खोडायला लावलं.
क्लॅरिनेट. बँडात. बत्तीस वर्षं.

आधीची तीन लेकरं जगली नाहीत
म्हणून याला सुपात घालून उंबऱ्यावरून ओढलं,
म्हणून सुपडू. हे बायकोनं सांगितलं,
संमतीपत्रावर अंगठा उठवता उठवता.

आदल्या रात्री त्यानं विचारलं,
"ताई, काळीज बंद व्हयी, तव्हय मी कोठे ऱ्हासू?"
मी म्हणाले, झोपा आता.
सगळ्यांना मी हेच उत्तर देते.

मे महिना. बाहेर जळगाव पंचेचाळीसवर,
डांबराला चप्पल चिकटतेय.
आत मी त्याला तीसपर्यंत उतरवतेय.

नेहेते सर म्हणाले, "ऑन."
काळपट रक्त उतारानं माझ्याकडे आलं,
पाटाचं पाणी वाफ्यात येतं तसं, घाई न करता.
केसाएवढ्या नळ्यांमधून प्राणवायू घेत गेलं
आणि लालभडक होऊन वर परतलं.
भूलतज्ज्ञांनी श्वासाचं यंत्र थांबवलं.
बत्तीस वर्षं वराती ओढलेली फुप्फुसं
मांडव उतरवल्यावरच्या कापडासारखी खाली बसली.
मग पोटॅशियम. मग बर्फाचा चुरा.
काळीज थोडं थरथरलं, मग विसरलं.

हे लोकांना पटत नाही :
माणूस जिवंत, आणि मनगटाला बोट लावलं तर काहीच नाही.
पंपाला ठोका नसतो. तो फक्त ढकलतो,
मिनिटाला चार लिटर,
ना सम, ना खाली.
पडद्यावर दाबाची रेघ शेताच्या बांधासारखी आडवी.

एकोणचाळिसाव्या मिनिटाला वीज गेली.
जनरेटर खोकला आणि गप्प झाला.
पंपाच्या बॅटरीनं सकाळी सांगितलं होतं, मी भरलेली आहे.
खोटं सांगितलं होतं.
अंधारात सरांच्या कपाळावरचा दिवा
आणि माझ्या समोरचा पडदा, एवढंच.

हँडल खाचेत बसवलं. बाण बघितला.
पहिल्या वर्षीच शिकवतात,
घाबरलेला हात उलटा फिरतो.
मग फिरवायला लागले.

माझा हात यंत्राइतका सारखा नाही.
वर जाताना जोर, खाली येताना सैल.
रेघेवर उंचवटे आले.
बारके, वाकडेतिकडे, पण एकामागे एक.
काळीज बर्फात निपचित,
आणि दाब माझ्या खांद्याच्या चालीनं
वर खाली, वर खाली.
"लेव्हल?" सरांनी मान न उचलता विचारलं.
"आहे."

तेव्हा तो कुठे होता?
थोडा टाकीत, सातशेच्या खुणेखाली.
थोडा नळ्यांत.
थोडा बहुतेक माझ्या कोपरात.

नोंदवहीत मी लिहिलं :
वीज खंडित. दोन मिनिटं दहा सेकंद. हाताने.

गरम करायला थंड करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.
क्लॅम्प निघाला, काळीज वळवळलं,
ताल सापडेना, एकदा झटका द्यावा लागला,
मग लागलं आपलं आपण.

रात्री कळण्याची भाकरी थापता येईना.
नवरा म्हणाला, काय उचललंस एवढं?
काही नाही, मी म्हटलं, एक बँडवाला.

पाचव्या दिवशी त्याच्या हातात
तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं.
तो फुंकतो. सिस्टर ओरडते,
"अहो काका, ओढायचं! फुंकायचं नाही!"
तो माझ्याकडे बघून हसतो,
टाके दुखतात तसं हसणं थांबवतो,
उशी छातीशी धरतो आणि ओढतो.
एक गोळी वर. दुसरी अर्ध्यावर लटपटते.

आदल्या रात्रीचं त्याला काही आठवत नाही.
मीही आठवण दिली नाही.
"परत," मी म्हणाले. "अजून एकदा."