वाघीण

घरात एवढंच सांगायचे,
केरबाला वाघिणीनं मारलं.

मी सहा वर्षांची. डोळ्यांपुढे दाजीपूरचं जंगल आणायची,
करवंदीच्या जाळीतून पिवळं काहीतरी सरकायचं
आणि समोर एक माणूस, अंगात रेल्वेचा निळा डगला.
जंगलात डगला कशाला, हे कधी खटकलं नाही.

मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात
हे चौथीत कळलं, गणिताच्या तासाला:
एका वाघिणीत गुळाचे दोनशे रवे,
तर सात वाघिणींत किती?
बाईंनी दोनदा विचारलं.
माझी पाटी कोरी.

मग आत्यानं सांगितलं, भाकरी थापता थापता,
तव्याकडे बघत.
रूळ नवे होते तेव्हा. मिरजेहून आलेली गाडी
कोल्हापुरात संपायची, अजून संपते,
पुढे मातीचा ढीग आणि आडवं लाकूड.
हौसा सतराची. केरबा तिच्याहून चार वर्षांनी थोरला.
नोकरीचा नववा दिवस,
डगला खांद्यावर अजून ताठ.
रात्री गुळाच्या वाघिणी भरून उभ्या,
रुळांवर मुंग्यांची रांग.
इंजिन मिरजेला, म्हणून माणसांनीच ढकलायच्या,
दहा-बारा जण, छातीनं.
आकडा अडकवायला तो मधे शिरला.
सगळेच ओरडत होते, जोर लावा रं, जोर लावा,
त्यात एक ओरडणं वेगळं होतं
ते कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी जमादार आला.
पाच रुपये दिले, मोजून,
आणि डगला परत मागितला.
धुऊन द्या म्हणाला, सरकारी आहे.
हौसानं तो पंचगंगेवर नेला.
किती वेळ धुतला, कुणी बघितलं नाही,
पण परत येताना डगला पिळलेला
आणि पितळी बिल्ला कनवटीला.
बिल्ला? वाहून गेला, म्हणाली.
त्याचे सहा आणे कापले.

दीड वर्षानं तिचा पाट लागला, ईश्वराशी.
तोही यार्डातलाच. कंदील धरायचा.
हिरवा दाखवला की ढकलायचं,
लाल दाखवला की थांबायचं.
मी विचारलं, त्या रात्री कंदील कुणाच्या हातात होता?
आत्यानं भाकरी उलटली.

दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक असतो,
हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक.
पहिल्या नवऱ्याचा टाक कुणी ऐकलाय?
पण तो बिल्ला देव्हाऱ्यात ठेवला ईश्वरानंच,
जोतिबाच्या शेजारी, त्याच लाल फडक्यावर.
हौसा काही बोलली नाही.
त्यालाही हळद, त्यालाही फूल,
पहिल्या घासाचा निवद त्यालाही.
आणि ईश्वरानं मरेपर्यंत
गुळाचा खडा तोंडात घातला नाही.
कोल्हापुरात राहून.

माझे पणजोबा ईश्वरा.
केरबाचा एक थेंब माझ्यात नाही.
तरी तो त्या रात्री घरी आला असता,
पाय धुऊन, डगला खुंटीला लावून, भाकरी मागत,
तर मी नसते, आत्या नसती,
हे चिंच भिजवणारे हात नसते.

अमावस्येला देव घासायला काढते.
जोतिबा, अंबाबाई, घोड्यावरचा खंडोबा, मग हा.
एक्केचाळीस होता म्हणे. चार पिढ्यांच्या बायकांनी
घासून घासून आकडा पुसत आणलाय.
चाराचं पोट तेवढं उरलंय, बोटाला लागतं, डोळ्यांना नाही.
मी अलीकडे हलक्या हातानं घासते.

परवा नात शेजारी येऊन बसली.
हा कुठला देव गं?
मी म्हटलं, केरबा. त्याला वाघिणीनं मारलं.
तिचे डोळे एवढे झाले.
कुठल्या जंगलात?

वाटीतली चिंच संपली होती.
जा, म्हटलं, डब्यातून अजून थोडी आण.