खत्तचा जुना रस्ता

हा रस्ता स्केटिंगचा नाही.
मला माहीत आहे. रस्त्यालाही.
पलीकडून नवा चौपदरी गेला,
तेव्हापासून याला कुणी हात लावलेला नाही.
एका बाजूला खजुरांच्या बागा, दुसऱ्या बाजूला डोंगर,
मधे तीन किलोमीटर डांबर,
खडी वर आलेली, कडा कुरतडलेल्या,
आणि वळणावळणाला वाळूची जीभ.

आठवडाभर मी फरश्या तपासते.
रास अल खैमा, कारखान्याची लॅब, एसीची घरघर.
हिऱ्याची सुई फरशीवरून सरकते
आणि पडद्यावर तिचे चढउतार उमटतात, मायक्रॉनमध्ये.
जरा जास्त भरले की शिक्का मारते : नापास.
आणि शनिवारी, सकाळी साडेसहाला,
या नापास रस्त्याच्या कडेला गाडी लावून
उघड्या डिकीत बसते,
लेकीचे स्केट्स चढवते.

अन्विता ग्रोनिंगनला गेली, हे इथेच राहिले.
तिचा पाय माझ्याहून एक नंबर मोठा.
दोन मोजे घातले की भागतं.

दहा पावलांत दळण सुरू होतं.
आठ चाकं, खाली खडी,
पोटरीतून मांडीत, मांडीतून कण्यात,
थेट दाढेत भरलेल्या चांदीपर्यंत.
मोठ्यानं ‘आ’ म्हटलं
तर त्याचे तुकडे होऊन बाहेर पडतात.
म्हणून म्हणते.
त्रेपन्न वर्षांची बाई, हेल्मेट घालून,
कुंपणापलीकडच्या शेळ्यांसमोर :
आ-आ-आ-आ-आ.
एक शेळी चघळायची थांबते. बाकीच्यांना काही नाही.

डोंगर उघडे, तांबूस,
ऊन त्यांच्या माथ्यावरून पायरीपायरीनं खाली येतं.
मधेच एखादं बोराचं झाड. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात,
काटे मात्र आपल्यासारखेच.
हे सगळं बघायचं तर थांबावं लागतं,
आणि थांबायचं तर
आधी पडायची तयारी हवी.

डिसेंबरात पडले.
वाळूत पुढचा पाय रुतला, मागचा आला नाही.
कोपर सोललं, तळहातात खडीचे चार दाणे.
पाटाचं दार उघडत असलेला माणूस धावत आला,
नळी माझ्या हातावर धरली,
पाणी कोमट होतं.
नाव मोतालेब. घर कुमिल्लाकडे.
माझ्या पायांकडे बघत राहिला,
मग विचारलं, ‘ये कंपनी ने दिया?’
मी हसले, ते कोपराला लागलं.

तीन आठवडे गेले नाही.
जानेवारीत गेले, तर पहिलं वळण घेतल्यावर
पायाखालचं दळण बंद.
वाटलं, कानात दडे बसले.
खाली पाहिलं :
हातभर रुंदीचा पट्टा, स्वच्छ,
खडी, वाळू, बोराच्या बिया
सगळं कडेला लोटलेलं, ओळीनं,
आणि डांबरावर झावळीच्या खराट्याचे बारीक ओरखडे.
बागेच्या भिंतीला धरून
पट्टा वळत होता, मीही वळत होते,
काही न करता.
पाटातलं पाणी ऐकू आलं.
पहिल्यांदाच कळलं,
ते इतके दिवस माझ्याबरोबरच, उजव्या हाताला वाहत होतं.

पंपाच्या खोलीपाशी पट्टा संपतो.
अगदी सरळ रेषेत, चाकूनं कापल्यासारखा.
मोतालेब तिथेच होता,
खराटा भिंतीला टेकवून चहा पीत.
थोडा ओशाळला.
‘इसके आगे दूसरे अरबाब का है, आपा.’

मी मान हलवली. काय बोलायचं ते सुचलं नाही;
डिकीत चिवड्याचा डबा होता, तो परत येताना देईन.
पुढे खडी होती, नेहमीची.
एक पाय पुढे घेतला,
गुडघे वाकवले,
आणि तोंड उघडलं.