चौथी तबकडी

मुलगी रेकॉर्डर कॉफीच्या कपाला टेकवून
नीट उभा करते, आणि विचारते:
तुमच्या कारकिर्दीत ‘सेपा’चं स्थान नेमकं काय?

स्थान?
कपाटात, तिसऱ्या खणात, इस्त्रीच्या मागे.
दोन प्रती. एकीवर मांजर व्यायलेली.

पहिल्या तिन्ही तबकड्या वेगाच्या.
सेस्ताओच्या त्या चढावर वाढलेली पोरं आम्ही.
खाली भट्ट्या, रात्रभर आभाळ तांबडं,
सकाळी वाळत घातलेल्या चादरींवर काजळी.
घाई होती. कसली, ते कुणी विचारलं नाही.
शुबान दोन्ही पायांनी ड्रम असा बडवायचा
की खालच्या मजल्यावरची फेलिसा
झाडूच्या दांड्यानं छताला उलट ठेका द्यायची,
आणि खरं सांगतो, ती कधी चुकली नाही.

मग चौथी.
आठ मिनिटं, अकरा मिनिटं, एकेक गाणं.
एक ठोका पडला की पुढचा येईपर्यंत
माणूस सिगरेट शिलगावून घेईल.
कंपनीचा माणूस माद्रिदहून आला, ऐकलं,
घड्याळ पाहिलं, म्हणाला, मयताला निघालात का?
बिल्बाओत बाटल्या आल्या.
एक माझ्या बासवर फुटली. ती खोक अजून आहे.

पाचवीत आम्ही पुन्हा पळालो.
पाचवी कुणाला आठवत नाही. मलाही नाही.

आता ही नाहिया, वय बावीस,
मनगटावर ‘सेपा’च्या कव्हरवरचं चित्र गोंदलेलं,
म्हणते, तो संथपणा म्हणजे केवढं धाडस!
भट्ट्या विझणार हे तुम्हाला आधीच ऐकू आलं होतं.
मी मान हलवतो.
झाकली मूठ.

खांदा होता, नाहिया.
शुबानचा उजवा खांदा.
फेब्रुवारीत रोलिंगच्या खात्यात साखळी निसटली,
आणि स्टुडिओ एप्रिलचा ठरलेला, पैसे भरलेले.
कारखान्यात कळलं असतं तर हजेरीतून नाव गेलं असतं,
म्हणून त्यानं घरीसुद्धा सांगितलं नाही.
हात कानाच्या वर जाईना.
जेवढ्या वेळात तो वर नेता येई
तेवढीच आमची लय.
बेनात ओरडायचा, तो थांबायला शिकला.
मी एकच सूर धरून शुबानच्या तोंडाकडे बघायचो:
ओठ आवळले, की आता येणार.
दुसरा ड्रमर आणू, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही.
धाडस म्हणायचं तर तेवढंच.

सेपा म्हणजे मळी.
लोखंड रसरसतं तेव्हा वर तरंगते,
ती नदीकाठी नेऊन ओतायचे. रात्री उजेड पडायचा तिचा.
त्या उजेडात आम्ही पत्ते खेळायचो. शुबान लबाडी करायचा.

नाहिया विचारते, तिसऱ्या गाण्यात, सातव्या मिनिटाला,
ठोका येतच नाही.
ते मौन कुणाला सुचलं?

मी कॉफी ढवळत राहतो. साखर घातलेली नाही.
शुबानला, म्हणतो.
तसं खोटं नाही.