खोटं काडतूस

सोलापुरात थंडी पाहुणी असते,
गड्ड्याच्या जत्रेला येते, पाळण्यात बसते, निघून जाते.
म्हणून हातमोजे कुणाकडेच नाहीत.
केगावच्या पुढं, दगडखाणीच्या रिकाम्या पोटात
पहाटे साडेसहाला आम्ही अकरा जण
आपल्याच गावच्या चादरी पांघरून उभे.

"पांघरायची न्हाय, अंथरायची हाय,"
सुभेदार हत्तुरे म्हणाले.
मग पालथे पडलो.

माझ्या चादरीवर मोर आहे,
डिझाइन नंबर चारशे बारा,
त्याची कार्डं मीच पंच केलेली, पिसान् पीस.
मोराच्या डोळ्यावर कोपर टेकवलं.

"श्वास बघा आपापला."
अकरा तोंडांतून वाफ.
"अर्धा सोडा, अर्धा ठेवा.
वाफ थांबली की माशी थांबते.
माशी थांबली की मगच बोट."

शेजारी भाग्यलक्ष्मी चिप्पा, वय एकोणीस,
आईबरोबर रोज हजार विड्या वळते.
तिचं बोट चापावर येतं
ते विडीचं तोंड दुमडायला आल्यासारखं,
पान फाटू नये इतक्याच जोरानं.
पन्नास मीटरवरच्या कागदात
तिच्या पाच गोळ्यांचं एकच भोक.
हत्तुऱ्यांनी कागद उन्हाकडे धरला
आणि त्यांच्या गालावर
रुपयाएवढा सूर्य पडला.

माझा कागद म्हणजे चाळणी.
खाली डावीकडे, सगळं खाली डावीकडे.
"गारठा हो," मी म्हणालो, "बोटं बधिर झालीत."
ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी माझी रायफल त्यांनी स्वतः भरली,
माझ्याकडे पाठ करून.
"कधी खरी असंल, कधी खोटी.
तुम्हाला कळणार न्हाय."

अर्धा श्वास. काळ्या वर्तुळाखाली माशी. चाप.

टक्.

एवढंच.
आणि माझा खांदा उडाला,
डोळे मिटले, नळी गेली खाली डावीकडे,
काहीच घडलेलं नसताना, सगळ्यांच्या देखत.
कुणी हसलं नाही.
भाग्यलक्ष्मीनं शेंगाचटणीचा डबा
उगाच उघडला, उगाच लावला.

"थंडी न्हवं ती," हत्तुरे हळू म्हणाले,
"गोळीच्या आधीच तुम्ही भिऊन घेताय."

कारखान्याचा भोंगा थांबून सहा वर्षं झाली.
अजून पावणेसातला माझा उजवा पाय
अंथरुणात पंचिंगचं पायडल दाबतो.
दारात स्कूटर थांबली की मान आखडते.
फोन उचलायच्या आत
मी "नाही" म्हणून मोकळा.
"कोण ओरडलं तुमच्यावर?" सुमित्रा विचारते.
कुणीच नाही. तेच तर.

"परत," हत्तुरे म्हणाले.
टक्. खांदा.
परत.
टक्. खांदा, पण थोडा उशिरा.
धाड्! ही खरी होती, कुठं गेली बघितलंच नाही.
टक्.
खाणीच्या भिंतीवरून ऊन निम्म्यात उतरलं.
टक्.
या वेळी नळी जागची हलली नाही, असं मला वाटलं;
हत्तुऱ्यांना विचारणार,
तेवढ्यात नाकातलं पाणी टपकन दस्त्यावर पडलं.

जाताना चादर झटकली.
मोराच्या डोळ्यात कोपराएवढा खळगा, त्यात बारीक खडी.
खोटी काडतुसं त्यांनी मोजून परत घेतली,
चार दिलेली, चार आली.
माझी मूठ मात्र
बसस्टॉपपर्यंत तशीच, गरम.

उद्या गारठा वाढणार म्हणतात.