गोड लागलं तर सांगा

अकरा वर्षांच्या संसारात
मी व्हर्लिनची हनुवटी पाहिली नव्हती.
ऑगस्टातल्या एका पहाटे बेसिनभर केस पडले होते,
निम्मे काळे, निम्मे राखाडी,
आणि आरशात एक फिकट, पोरसवदा जबडा,
डावीकडे टाक्यांची जुनी खूण.
"ही कुठली?"
"पाणबुडीतली. शिडीवरून घसरलो होतो."
पाणबुडीबद्दल तो एवढंच बोलतो:
शिडी, कॉफी, पावडरची अंडी.
सहा वर्षं अणुभट्टीपासून तीस पावलांवर झोपला,
ते सांगायला त्याला कधी सवड झाली नाही.

मुखवटा घट्ट बसायला हवा,
मध्ये एक केसही नको, असा नियम.
डोक्यावर पिशवीसारखं काही घालून
आत गोड फवारा सोडतात.
मान वर करा, खाली करा, मोठ्याने वाचा,
गोड लागलं तर सांगा.
गोड लागलं म्हणजे मुखवटा गळतोय.
जेवताना हे ऐकून
मार्नीने पुडिंगची वाटी त्याच्यापुढे सरकवली.
तो हसला.
हनुवटीसकट हसताना मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मधली वर्षं बर्फाच्या यंत्रांची.
इलिनॉय नदीच्या काठाकाठाने
मासळीची दुकानं, बार, शाळांची स्वयंपाकघरं,
व्हॅनच्या पाठीवर आमचं आडनाव,
शेवटचं अक्षर उडालेलं.
रात्री घरचा फ्रिज घरघरायचा थांबला
की हा ताडकन उठून बसे.
"तिकडे घरघर थांबली म्हणजे..."
वाक्य तिथेच सोडून अनवाणी जाई,
फ्रिजवर तळवा टेकवून उभा राही,
तापल्या लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा.

बेंडचं बंद पडलेलं वीजकेंद्र पुन्हा सुरू होणार,
पत्र आलं मार्चमध्ये.
तीन दिवस मायक्रोवेव्हवर पडून होतं.
चौथ्या दिवशी मला ते धुवायच्या कपड्यांत सापडलं,
त्याच्या शर्टाच्या खिशात,
घडीवर घडी.

शिकवणारी तमीका व्हीटली सव्वीस वर्षांची.
आधी बोट दाखवा, नाव वाचा,
मोठ्याने बोला, मग फिरवा.
त्याला सगळं पाठ.
पण सरावाच्या कक्षात लाल दिवा लागला
आणि त्याचा हात डावीकडे गेला,
जिथे पाणबुडीत ती कळ होती,
चौदा वर्षांपूर्वी.
इथे डावीकडे भिंत.
"साफ विसरलो असतो तर बरं होतं,"
भांडी पुसताना म्हणाला,
"हा हात म्हणजे जुन्या मालकाचा कुत्रा.
घर बदललं तरी त्याच दाराशी जाऊन बसतो."
आणि पुसलेलीच ताटली पुन्हा पुसायला घेतली.

आता घरातही तेच बोलणं.
"दूध संपलंय."
"समजलं. दूध संपलंय."
"बरोबर."
मार्नीला खेळ सापडलाय.
"डॅड, मांजर छपरावर आहे."
"समजलं. मांजर छपरावर आहे."
"बरोबर."
आमच्याकडे मांजर नाही.

काल दिवा मालवल्यावर मीही म्हणून पाहिलं,
"मला भीती वाटते."
बराच वेळ नुसती फ्रिजची घरघर.
"समजलं. तुला भीती वाटते."
आता मी "बरोबर" म्हणायचं, की संपलं.
त्याआधीच तो,
नियमात नसलेलं,
"मलाही."

आज पहिली पाळी.
छातीवर बिल्ला, डब्यात हॅम सँडविच,
व्हॅनमधली हत्यारं काल गॅरेजात उतरवली,
तरी एक पाना राहिलाच सीटखाली,
वळणावर खडखडला.
निघताना त्याने मफलर नाकापर्यंत ओढला होता.
डिसेंबर आहे,
आणि त्या हनुवटीला
अजून वाऱ्याची सवय नाही.