ओळंबा

बेळगावातनं निघताना टेम्पोत सगळं होतं.
अकरा फावडी, चार घमेली, ब्लिचिंग पावडर,
दीनाच्या आईनं उकडून दिलेली साठ अंडी
आणि एक डफ, जो शेवटपर्यंत कुणी बाहेर काढला नाही.
ओळंबा तेवढा राहिला.
आदल्याच रविवारी पाळकांनी
ओळंब्यावर पाऊण तास प्रवचन दिलं होतं.

चिकोडीच्या पुढं रस्ता मातकट झाला.
उसाचे फड एका अंगाला निजलेले,
ओल्या हातानं भांग पाडल्यासारखे.
दूधगंगा आपल्या जागी परत गेली होती,
झाल्या गोष्टीशी जणू तिचा संबंधच नाही.

आमच्या वाट्याला चंपव्वा मगदूमचं घर आलं.
घर म्हणजे तीन भिंती,
एकीवर पंचनाम्याचा लाल आकडा,
चौथीच्या जागी शेजाऱ्याची म्हैस.
"कुठल्या गुडीची पोरं तुम्ही?"
शलमोननं सांगितलं.
"मग पुस्तकं वाटणार?"
"नाही, आजी."
"हं. चिखल काढाय येतंय काय?"
येतंय, असं आम्हाला वाटत होतं.

दोन दिवस गाळ उपसला. त्यातनं निघालं
एक उलथनं,
लोणच्याची बरणी, झाकणासकट शाबूत,
आणि कुणा परक्याच्याच लग्नाचा अल्बम,
फोटो एकमेकांत इतके विरघळलेले
की नवरी कुठं संपते नि करवली कुठं सुरू होते कळेना.
चंपव्वानं तो पान पान सोडवून उन्हात ठेवला.
"हुडकत येतील की कोणतरी."

दिवस मावळायच्या आत ती आम्हाला जेवायला घाली.
नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं,
त्यातनं गाळलेलं पाणी, जोंधळ्याची भाकरी.
अंडी आम्ही शाळेच्या मागं जाऊन खाल्ली,
टरफलं खिशात घालून,
आणि सकाळी सगळ्यांच्याच खिशांना वास येत होता.
तिला तो आला असणार. ती काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी भिंत.
नाथानेल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला,
म्हणून मुकादम तोच.
संध्याकाळपर्यंत छातीइतकी उभी केली.
तिच्यापुढं फोटो काढले, मातीचे हात वर करून.
चंपव्वा लांब जाऊन उभी राहिली, मान कलती करून.
"वाकडी हाय."
"थोडीशीच आहे, आजी."
"म्हस अंग घासंल तवा कळंल किती ते."

मग तिनं कनवटीचं कुलूप काढलं.
दार पुरात गेलं, चौकट गेली,
कुलूप राहिलं होतं, किल्लीसकट.
ते लुगड्याच्या जुन्या नाड्याला बांधलं
आणि वरच्या विटेपासून खाली सोडलं.
कुलूप झुललं. झुललं. थांबलं.
वर भिंतीला चिकटून, खाली चार बोटं लांब.
कुणी काही बोललं नाही.
दिवसभराचं बांधकाम आम्हीच उतरवलं.
वीस मिनिटं लागली.

रविवारी उपासना झाली नाही.
ती बसून थर सांगत होती,
मध्येच कानडीत, मध्येच मराठीत, मध्येच नुसत्या हातानं,
आणि दर थराला कुलूप खाली यायचं.
विटा देताना शलमोनचे ओठ हलत होते,
पण तो मोजतही असेल.

निघायची वेळ झाली तेव्हा
भिंत जेमतेम कमरेला लागत होती.
सरळ होती.
निरोपाचं बोलायला नाथानेलनं घसा खाकरला,
तोवर तिनं कुलूप नाड्यातनं सोडवलं,
किल्ली फिरवली, उघडलं, मिटलं.
"वाजतंय अजून," ती म्हणाली.
"दार किती लागंल ते मापून न्या."

परतीला दीनाच्या मुठीत तो नाडा होता,
दोन गाठी मारलेला,
एक उंचीची, एक रुंदीची.
संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं,
तिनं तो कुणाला धरू दिला नाही,
गाठ सरकेल म्हणून.